उजाडलं की जाऊ

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून तोंड फुगवून बसली असशील. माझ्यासाठी खोली रिकामी केलीस, पडदे शिवलेस, जावईबापूंनी पलंगसुद्धा आणला, हे सगळं वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. फोनवर धंदा बरा चाललाय म्हणालो, ती मात्र थाप होती. तुझी आई गेल्याला चार महिने होतील, तेव्हापासून पावाची भट्टी पेटवलेलीच नाही. पहाटे जाग यायची ती येतेच. मग खाली जाऊन थंड भट्टीसमोर स्टुलावर बसतो. सकाळ झाली की माणसाला बरं वाटतं म्हणे. मला ती नकोशी होते.

आपल्या घरची पहाट ना घड्याळाची होती, ना सूर्याची. मळलेलं पीठ टेबलावर आलं की पहाट, पाव मांडलेला पहिला पत्रा भट्टीत गेला की फटफटलं, आणि शेवटचा पत्रा बाहेर निघाला की उजाडलं. हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख, आणि आई तुला गदागदा हलवून सांगायची, अगं उजाडलं, ऊठ. तू तर निबंधात लिहिलंस की पाव भाजून झाले की सूर्य उगवतो. बाईंनी लाल शेरा मारला, तर आई वही घेऊन त्यांच्याशी भांडायला निघाली! मी दार अडवलं म्हणून बाई वाचल्या. फार हसलो होतो त्या दिवशी.

आता ते सांगतो, जे तुला सांगितलं नाही. आई गेली त्या दिवशी पीठ फुगायला उशीर झाला होता. मी पहिला पत्रा आत सारला आणि ती जिना उतरून आली. हात छातीवर. मघापासून जळजळतंय, घाम फुटलाय, म्हणाली. मी पिठाच्याच हाताने तिचं कपाळ चाचपलं, म्हटलं, आत्ताच निघू. तर म्हणाली, या वेळी दवाखान्यात कोण भेटणार? उजाडलं की जाऊ, तोवर वर जाऊन पडते जरा. बोलताना ती खिडकीकडे बघत होती. काचेवर उजेड यायला लागला होता. मी ते पाहिलं, ठमे, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी तो शब्द आपल्याच अर्थाने वापरला, आणि त्या एका दिवशी ती चारचौघांसारखी बोलली. मी आपला पत्रे मोजत राहिलो. अजून आठ होते. मध्येच वरून हाक आल्यासारखी वाटली, तर मी खालूनच ओरडलो, झालंच, दोनच राहिलेत. डॉक्टर नंतर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर. पुढचं त्यांनी गिळलं.

तू लिहितेस, आई झोपेत गेली, तिला काही कळलंही नाही, तेवढंच समाधान. ते समाधान मीच तुझ्या हातात ठेवलं आणि ते खोटं आहे. म्हणून हे पत्र. मी वर गेलो तेव्हा खोलीभर ऊन होतं. ती पलंगाच्या कडेला, भिंतीला टेकून बसलेली. केस विंचरलेले, मांडीवर पर्स, पायात चपला. चपलांचे पट्टेसुद्धा लावलेले होते, आणि वाकलं की तिला किती धाप लागायची ते तुला माहीत आहे. तुला कळवण्याआधी मी त्या काढल्या आणि तिला नीट निजवलं. आता मला तिकडे न्यायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्या जागी मी असतो तर नेलं नसतं.

तुझाच,
बाबा