विमानात गेलेली तुझी शिदोरी

जळकोट

प्रिय बसवराजच्या आईस,

वडिलांस ‘तीर्थरूप’ लिहावे, धाकट्यांस ‘चिरंजीव’ लिहावे, इतके गुरुजींनी शिकवले होते. परंतु जी व्यक्ती ह्या जगात उरली नाही तिला कोणता मायना लिहावा, हा धडा चौथीपर्यंत आला नाही, आणि चौथीपुढे मी गेलो नाही. म्हणून ‘प्रिय’ असे लिहिले आहे. तुझ्या हयातीत हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. हसू नकोस!

पत्र लिहिण्याचे कारण असे की, सूनबाई पल्लवी दोन्ही लेकरांस घेऊन काल विमानाने जर्मनीस गेली. बसवराज तेथे आधीच नोकरीवर रुजू झालेला आहे. सुखरूप पोहोचल्याचा फोन आज आला. मी फोन खाली ठेवला आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. तू असतीस तर पदराला हात पुसत तेथूनच विचारले असतेस, “पोचली ते कळलं. जेवली का लेकरं?”

तुझ्या लेखी पोहोचणे ही गोष्ट नेहमी दुय्यमच होती. तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे.

तू पाहिलेला ओजस तीन वर्षांचा होता. आता तो पाच वर्षांचा आहे. अन्वी नऊ वर्षांची झाली. ती समोर येईल ते खाते. ओजस मात्र परक्या हातचे अन्न तोंडात धरत नाही. हा गुण त्याने कोणाकडून उचलला, ते मी लिहीत नाही. गेल्या वर्षी दिल्लीच्या विमानात त्याने सगळे अन्न परत केले आणि उतरेपर्यंत उपाशी रडला. दिल्ली ती केवढी जवळ! जर्मनीला तर वाटेत विमान बदलावे लागते. ह्या वेळी लेकराचे कसे होणार, ह्याचा घोर मला तिकिटे आल्या दिवसापासून होता.

मी पल्लवीला म्हणालो, “सूनबाई, शिदोरी येथून जाईल.”

“आप्पा, विमानात जेवण देतात. तिकिटातच असतं ते.”

“देतात ते अन्न असेल. शिदोरी नव्हे.”

ती पुण्याची आहे, परंतु समजूतदार आहे. ओजसकडे पाहून म्हणाली, “बरं. पण आईंसारखं मला जमणार नाही. तुम्ही समोर बसा आणि सांगा.”

आता ‘शिदोरी’ हा शब्द वाचून तू तोंड वाकडे केले असशील, हे मला ठाऊक आहे. आपले लग्न होऊन तू कर्नाटकातल्या आळंदहून आलीस त्या वर्षी मी कामानिमित्त धाराशिवला निघालो होतो. तू फडक्यात भाकरी बांधून पुढे केलीस आणि म्हणालीस, “बुत्ती घ्या.” मी म्हणालो, “बुत्ती हा कानडी शब्द आहे. मराठीत शिदोरी म्हणावे.” नवी नवरी तू! मान खाली घालून तू म्हणालीस, “शिदोरी म्हटल्यानं पोट जास्त भरतं व्हय?”

त्यापुढे सारा जन्म मी शिदोरी म्हणालो आणि तू बुत्ती म्हणालीस. दोघांपैकी कोणीही मागे हटले नाही. मला मनातून त्याचा अभिमानच होता. वाकणारी बायको मला मानवली नसती.

बसवराज प्रथम लातूरला शिकण्यास निघाला तो दिवस आठवतो का? एसटी सुटली आणि फडके घरातच राहिले! तू हमरस्त्याने ओरडत धावलीस, “ए डायवर! लेकराची बुत्ती राहिली!” ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी खांबाआड उभा राहिलो. संध्याकाळी तू म्हणालीस, “लाज वाटली व्हय? मग उद्या उपाशी पोराची लाज वाटू द्या.”

असो. आम्ही कामास लागलो. पल्लवी परातीपाशी आणि मी पाटावर, असा प्रकार ह्या घराने पूर्वी पाहिला नव्हता. शेजारची शांताबाई दारात येऊन म्हणाली, “आप्पा, तुमी कवापासून चुलीपाशी?” मी म्हणालो, “मी देखरेख करीत आहे.” ती म्हणाली, “देखरेखीनं भाकरी फुगत असती तर माझा नवरा लई मोठा आचारी झाला असता!” पल्लवी इतकी हसली की तिच्या हातातली भाकरी मोडली.

कडक भाकरी तिला सहज साधली नाही. पातळ थापताना कडा फाटत होत्या. तू फडक्याची घडी करून तव्यावर भाकरी दाबत, फिरवत राहायचीस, घाई करायची नाहीस, एवढे मला सांगता आले. बाकी तिचे तिने शोधले. अखेरीस पापडासारखी कुरकुरीत भाकरी तिने मोडून दाखवली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते तू पाहावयास हवे होते. सून चांगली निवडलीस, हे मी तुला तेव्हाच सांगावयास हवे होते, आज सांगतो.

खरा पेच धपाट्यांचा पडला.

“आप्पा, दही नेता येत नाही.”

“दह्याशिवाय धपाटे? हे कोणत्या कायद्यात बसते?”

“विमानतळाच्या. पातळ पदार्थ आत सोडत नाहीत.”

“हा कायदा करणाऱ्याने धपाटे खाल्लेले नसावेत.”

परंतु कायदा तो कायदा. मी विचार करीत बसलो आणि मला तूच आठवलीस. वसतिगृहात दही मिळत नाही अशी बसवराजने तक्रार केली, तेव्हा तू पाण्याऐवजी दह्यातच पीठ मळले होतेस. मी पल्लवीला म्हणालो, “दही पिठात घाल.” लसूण, मिरची, तीळ घालून तिने तसेच मळले. कायदा पाळला गेला, आणि दहीही गेले! ईट गावच्या भाचीने खवा पाठवला होता, त्याच्या पोळ्या झाल्या. शेंगदाण्याची चटणी कोरडीच असते. तुझ्या रीतीप्रमाणे एक भाकरी जास्तीची ठेवली, वाटेत भेटेल त्याची. सगळे तुझ्याच निळ्या काठाच्या फडक्यात बांधले. गाठ मात्र मी मारली.

एक गोष्ट मनास लागते. तू विमान खालूनच पाहिलेस. खळ्यात उभी राहून, डोळ्यांवर हात धरून एकदा म्हणाली होतीस, “एवढी माणसं वर चाललीत. त्यांना भाकरी कोण देत असंल?” तुला एकदा तरी त्यात बसवावयास हवे होते.

हैदराबादेस पोहोचविण्यास मी गेलो होतो. दारापुढे आपल्याला सोडत नाहीत. लेकरे काचेपलीकडे गेली. ते फडके आत तपासणीत अडेल, टाकून देतील, अशी धाकधूक मला परतीच्या वाटेवर जळकोट येईपर्यंत होती.

आणि ते अडलेच! आज फोनवर अन्वीने सर्व हकिकत सांगितली. फोनमध्ये चेहरे दिसतात, हे तुला माहीत आहे. यंत्राच्या पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल चकत्या दिसल्या, म्हणून तेथील वर्दीतल्या बाईने पिशवी बाजूला घेतली. “यह क्या है?” असे विचारले. पल्लवी हिंदीत समजावू लागली, तोच अन्वी मोठ्याने म्हणाली, “बुत्ती आहे!”

ती बाई कलबुर्गीकडची निघाली. तिने फडके उघडले, वास घेतला आणि हसली. मग कानडीत म्हणाली, “बुत्ती यार कोट्टार?” म्हणजे, बुत्ती कोणी दिली? कानडी अन्वीला तुझ्याच मांडीवर कळू लागले होते.

“मग तू काय सांगितलेस?” मी विचारले.

“अज्जीनं दिली, म्हटलं.”

बाईने गाठ पुन्हा बांधून दिली, ती माझ्यापेक्षा घट्ट.

विमानात ओजसने समोर आलेले अन्न दूर सारले आणि धपाटे मागितले. एक खाल्ले, दुसरे खाल्ले, पोळी खाल्ली आणि झोपी गेला. जास्तीची भाकरी अन्वीने शेजारच्या एका परदेशी आजीबाईंस दिली. त्यांनी चावली तेव्हा असा आवाज झाला म्हणे की पुढच्या रांगेतील माणसे वळून पाहू लागली!

तेव्हा उत्तर असे : लेकरे जेवली. पोटभर जेवली.

फोनवर पल्लवी मात्र ओशाळली होती. म्हणाली, “आप्पा, राग मानू नका हं. एवढं सगळं तुम्ही बसून करवून घेतलंत, आणि ही अज्जीचं नाव सांगून मोकळी झाली.”

मी म्हणालो, “राग कसला? पोर अगदी शुद्ध बोलली.”

उन्हाळ्यात ते सर्व जण येणार आहेत. फडके न विसरता परत आणण्यास मी बजावले आहे. मी वचन देतो की, माझ्या अंगात बसण्याची शक्ती आहे तोवर मी पाटावर बसेन, आणि ह्या दारातून निघणारे कोणतेही लेकरू बुत्तीवाचून जाणार नाही.

शब्द नीट वाच. खाडाखोड केलेली नाही.

तुझा,
बसवराजचे वडील