मामाचे हाल: एकूण मुद्दे पाच

ती. ताईस,

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते टेबल मी केलेलं आहे. बसलो आहे ते स्टूल, डोक्यावरचा दिवा, तीन ठिकाणी वाकणारा त्या दिव्याचा हात, समोरचं शटर, शेडचं छप्पर ज्यावर टेकलंय त्या कैच्या, दारातल्या व्हॅनचं इंजिन सोडून बाकी सगळं (आणि इंजिनही दोनदा पूर्ण उघडून बसवलेलं), दादाच्या हॉलमधलं पुस्तकांचं कपाट, आत्याच्या जिन्याचा कठडा, आणि तुझ्या स्वयंपाकघरातले अकरा खण, जे बोटाने ढकलले की आपोआप आत जातात (आणि जे तू शेजारणीला 'तयार आणले' म्हणून सांगितलेस, मला कळलं आहे). हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. पत्राच्या सुरुवातीलाच हे लिहितो, म्हणजे पुढे मी काय काय ऐकून घेतलं ते वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर राहील.

साष्टांग नमस्कार. (तो आठ अंगांनी करायचा असतो; माझी कंबर सहा दिवस धरलेली आहे, तेव्हा सात अंगांचा मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा रक्तदाब आटोक्यात असेल. माझा विचारू नकोस. माझा तू वाढवलायस.

सुट्टी लागली तेव्हा तुझा फोन आला की लेकीला तुझ्याकडे पाठवते. इंजिनिअरिंगची दोन वर्षं नीट पार पडली, आणि आता म्हणते कॉलेज सोडते, तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरणार नाही. वीस तारखेपर्यंत भरला नाही तर जागा जाणार. रडवेला आवाज काढून म्हणालीस, 'तिला जरा फिरव रे, दादाकडे ने, आत्याकडे ने, चार माणसांत मिसळली की डोकं ताळ्यावर येईल.' मी भोळा. भाचीसाठी म्हणून व्हॅनला नवा रंग दिला, आकाशी, दोन हात, पहिला हात वाळल्यावर पॉलिश पेपर मारून दुसरा. सीटचे स्प्रिंग बदलले. आणि तीन रविवार, एकूण सातशे अठरा किलोमीटर, तुझ्या लेकीला नातेवाइकांच्या दारोदार हिंडवलं. कशासाठी हिंडवत होतो ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पहिला रविवार दादाचा. जाताना व्हॅन एकदा थांबली. मी भाचीला म्हणालो, मीच थांबवली, जरा आजूबाजूला बघ. समोर सिमेंटच्या पाइपांचं गोदाम होतं. ते आम्ही वीस मिनिटं बघितलं. मग व्हॅन सुरू झाली. दादाच्या घरी पोचतो न पोचतो तोच तो म्हणाला, 'अरे, बेसिनखाली गळतंय, बघतोस का जरा?' निवृत्त झाल्यापासून तो आधीपेक्षा मोठा भाऊ झाला आहे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. मी बेसिनखाली शिरलो. नट आवळायला चार मिनिटं लागली आणि बाहेर चाललेलं ऐकायला वीस. दादा तिला म्हणत होता, 'तुझ्या मामाचे हात बघ. सोनं आहे सोनं! पण कागद आहे का? कागद नाही! आणि कागद नसला की काय होतं बाळ? माणूस शेवटी बेसिनखाली जातो.' ताई, मला तिथे पाठवणारा तोच! मी पान्यासकट बाहेर आलो, तर म्हणतो, 'झालं? मग वरच्या बाथरूमचंही बघून टाक.' मी बघून टाकलं. दादाचं बोलणं पहिल्यापासून असंच, म्हणून सोडून दिलं. परतताना भाचीने पिशवीतून एक वही काढली. मग म्हणाली, 'मामा, तुला राग येत नाही?' मी म्हटलं, कशाचा? 'काही नाही,' म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरा रविवार आपल्या चुलतभावाचा, दातांच्या डॉक्टरचा. (वाटेत व्हॅन पुन्हा 'मी थांबवली'. या वेळी बघायला तेवढंही नव्हतं, एक बंद वजनकाटा होता. घरी आल्यावर मी पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि कार्बोरेटर उघडून धुतला, ते तिला कळू न देता.) त्याच्या जिन्यात भिंतीवर घरातल्या सगळ्या पदवीधरांचे फोटो आहेत, काळे झगे आणि चौकोनी टोप्या घातलेले. सात फोटो. त्या सातही चौकटी मी केल्यात, कोपरे बरोबर पंचेचाळीस अंशांत, कुठे नखही जाणार नाही. आत मी नाही. त्याची दवाखान्यातली खुर्ची आडवी व्हायची पण पुन्हा उठायची नाही, ती मी पाहावी असं ठरलं. म्हणजे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, मी दारात उभा होतो तेव्हा ठरलेलंच होतं. भाचीला म्हणाला, 'तू बस, वजन पाहिजे.' ती बसली, खुर्ची आडवी झाली, झाली ती तशीच राहिली. डोकं खाली, पाय वर, उठायची सोय नाही, आणि वरून हा तोंडावर दिवा लावून शिक्षणाचं महत्त्व सांगतोय! आयुष्यभर ज्यांची तोंडं उघडी आहेत अशाच माणसांशी बोलायची सवय, समोरून उत्तर येऊ शकतं हे तो विसरून गेला आहे. 'मामा एवढा हुशार,' तो म्हणाला, 'पण बघ आज कुठे आहे!' मी खुर्चीखाली होतो. तेलाची नळी गळत होती आणि एक बूच उलटं बसवलेलं होतं, ज्याने बसवलं त्याच्याकडे कागद असणार. मुद्दाम पाऊण तास लावायला हवा होता. पण माझ्याने ते होत नाही. बारा मिनिटांत खुर्ची उठली, भाचीसकट. वहिनी चहा देताना मला म्हणाल्या, 'तुम्ही होतात म्हणून बरं झालं हो,' आणि वळून तिला, त्याच दमात, 'मामासारखं करू नकोस हं.'

आता तिसरा रविवार. हा नीट वाच, कारण यात तू आहेस. आत्या ब्याऐंशीची, तिला काही लपवता येत नाही. आम्ही बसलो, आत्याने चष्मा लावला, उशीखालून एक कागद काढला आणि भाचीला म्हणाली, 'तुझ्या आईने फोनवर सांगितलंय, मी एकेक वाचते. मामाकडे बघत ऐकायचं, असंही सांगितलंय.' मग माझ्याकडे वळून, 'तू जरा उजेडात सरक रे.'

मी सरकलो! ताई, मी खरंच सरकलो.

मुद्दे पाच. एक, शिक्षण अर्धवट सोडलं. दोन, अजून भाड्याच्या शेडमध्ये. तीन, लग्न उशिरा, तेही मुलीकडच्यांनी दोनदा विचार करून. चार, गाडी स्वतः केलेली, म्हणून वाटेत बंद पडते. पाच, स्वभाव. पाचव्यापुढे खुलासा नाही. मी विचारलं, स्वभाव म्हणजे काय? आत्या म्हणाली, 'तुझी ताई म्हणाली, ते लिहायला नको, दिसेलच.' 'दिसेलच म्हणजे?' मी उठून ओरडलो. 'हे बघ, दिसलं,' आत्या म्हणाली आणि पाचव्या मुद्द्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

म्हणजे तीन रविवार मी पाहुणा नव्हतो. मी नमुना होतो. पेट्रोल माझं, गाडी माझी, पाना माझा, आणि बोटंही माझ्याकडेच. मी तणतणत दाराकडे निघालो, चपला घालायला वाकलो आणि कंबर धरली ती तिथेच. संतापून घराबाहेर पडणारा माणूस उंबऱ्यावर काटकोनात अडकला की त्याच्या संतापाला कुणी विचारत नाही. आत्याने मागून एवढंच म्हटलं, 'हळू रे.' भाचीने मला व्हॅनच्या मागच्या सीटवर उताणा टाकला आणि स्वतः चालवायला बसली. (चालवते छान. क्लचवर पाय ठेवून चालवत नाही. हे तिला मी सांगितलेलं नाही.)

चढावर व्हॅन बंद पडली. मी छताकडे बघत म्हणालो की फिल्टर असेल. ती म्हणाली, 'फिल्टर तू गेल्या आठवड्यात बदललास. कार्बोरेटर धुतलास. रात्री हाताला वास येत होता.' मी म्हणालो, मग पंप. तिने वही काढली. वहीत, ताई, तिन्ही खेपांच्या वेळा लिहिलेल्या! निघाल्यापासून पन्नास ते पंचावन्न मिनिटांनी बंद, वीस मिनिटं थांबलं की सुरू. मी म्हटलं, पहिल्या दोन वेळा मी थांबवली होती. 'मामा,' ती म्हणाली, 'स्वतः गाडी थांबवताना कुणी अशी शिवी देतं का?'

मग ती उतरली आणि बॉनेट न उघडताच मागे गेली. मी ओरडलो, अगं इंजिन पुढे आहे! तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ असा आवाज आला. सीटवर आडवा पडलेलो असूनही मला ऐकू आला. बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट धरून ओढत राहिलं की एका हद्दीनंतर घोट येत नाही, आत हवा जावी लागते, तसंच टाकीचं. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. हे झाकण मी स्वतः लेथवर केलेलं, भोक एक मिलिमीटरचं, मीच पाडलेलं. आणि तुझ्या लेकीसाठी दिलेल्या आकाशी रंगाच्या दुसऱ्या हाताने ते बुजलं होतं. तिने सेफ्टी पिन घातली, रंगाचा कण काढला, व्हॅन सुरू. चार मिनिटं. मी फिल्टर, कार्बोरेटर, सगळं पाहिलं होतं. झाकण पाहिलं नव्हतं, कारण झाकण माझं होतं. मग तिने मागे येऊन वहीत आकृती काढून दाखवली, आतला दाब, बाहेरचा दाब, बाण. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे म्हणाली. मी विचारलं, एवढं शिकवतात तर सोडतेस कशाला? 'मामा, दोन वर्षांत मी चारशे बोल्ट कागदावर काढले आणि एकही आवळला नाही. तुझ्याकडे तीन आठवड्यांत किती आवळले, माहीत आहे?' मला माहीत होतं. एकशे सहा, त्यातले नव्वद बरोबर.

पुढचं तुझ्यापुरतं ठेव. पाणी गच्चीवर चढवायचा एक पंप मी पूर्वी केला होता, तुला आठवत असेल. आठ महिने, सात नमुने. सातवा चालला, अजून चालतोय. सहावा का चालला नाही ते मला आजही माहीत नाही. सातवा का चालतो, तेही नाही. ती वही बंद करून पुढे जाऊन बसली आणि मी उरलेला रस्ता छताकडे बघत हेच मोजत होतो, की आठ महिन्यांत चार चार मिनिटं किती वेळा बसतात. दादाला यातलं अक्षर वाचून दाखवलंस तर तुझे अकरा खण उचलून परत आणीन, शप्पथ.

एकदा, फक्त एकदा, तू मला सरळ म्हणायला हवं होतंस की बाबा रे, लेक ऐकत नाही, तू बोल. मी बोललो असतो. त्यासाठी मला तीन घरांत उजेडात सरकवायची गरज नव्हती.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे, पण जिना चढू नकोस.

तुझा धाकटा (अजून रागावलेला) भाऊ

ता. क. आत्याचा कागद मी आणला आहे आणि दुरुस्त करून सोबत पाठवतो. मुद्दा दोन चुकीचा: शेड अकरा वर्षांपूर्वी विकत घेतली, खरेदीखताची प्रत जोडली आहे. मुद्दा तीन: दोनदा नव्हे, तीनदा विचार केला, हिला विचारून खात्री केली. मुद्दा चार मी खोडला होता, भाचीने पुन्हा लिहिला. मुद्दा पाच असू दे.

दुसरा ता. क. फॉर्म भरला. काल, अठरा तारखेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. मी शेजारी उभा होतो. दादा किंवा तो दातवाला श्रेय घ्यायला आला तर तिने आपणहून ठरवलं एवढंच सांग, माझं नाव काढू नकोस. आणि माझी मागणी एकच: पुढच्या सुट्टीला तिला पहिल्या दिवसापासून माझ्याकडे पाठव. सोबत मुद्दे नकोत.

तिसरा ता. क. फी इतके दिवस का भरली नव्हती, असं भाऊजी विचारतील, म्हणून लिहितो. त्यांनी तिच्या खात्यात टाकलेले पैसे तसेच होते. आत्याकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली, माझ्या टेबलावर चेक ठेवला आणि निम्मी भागीदारी मागितली. पाटीवर माझं नाव वर, तिचं खाली, असं तिनेच सुचवलं. इतक्या वर्षांत या दारात दुरुस्तीला माणसं आली, उधारीला आली, भागीदारी मागायला कुणी आलं नव्हतं. मी नाही म्हणालो. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चेकवरची रक्कम एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे.