कोटाचं माप

५ मे, सोमवार

चौथ्या ठिकाणीही नाही! राजारामपुरीतला स्टुडिओ. काचेचं दार, आत सगळी पंचविशीच्या आतली पोरं. "काकू, मुलीला आत पाठवा," त्यातला एक म्हणाला. म्हटलं, मुलगी नाही, इंटर्न मीच. तो हसला नाही — तेच जास्त लागलं. "कळवतो" म्हणाला. फोन नंबर मात्र विचारला नाही.

आर्ट कॉलेजात जाऊन नृसिंह सरांना सांगितलं. इंटर्नशिपचं सगळं त्यांच्याकडे. म्हणाले, नियम सगळ्यांना एकच. तिसरं वर्ष संपलं की सहा आठवडे बाहेर काम, तिथल्या मालकाचं पत्र, आणि स्वतःच्या हातचं एक तरी काम. नाहीतर वर्ष परत.

वर्गातल्या पोरींचं एखादं वर्ष गेलं तर चालतं. मी सत्तेचाळीस. दहावी-बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून केली, तीही हे गेल्यानंतर. माझ्याकडे फुकट घालवायला वर्ष नाही.

७ मे, बुधवार

मिळाली! लक्ष्मीपुरीत, उन्मेषचं फ्लेक्सचं दुकान. आमच्याच कॉलेजात शिकलेला, सव्वीसचा. मी सवयीने "सर" म्हटलं तर दचकलाच. "सर म्हणू नका काकू, आमची आई पायताण घेऊन येईल."

८ मे, गुरुवार

फ्लेक्स म्हणजे वाढदिवस आणि श्रद्धांजली. वाढदिवस उन्मेष करतो, श्रद्धांजली माझ्याकडे आली.

काम असं. घरचे फोटो आणतात — मोबाईलमधला, लग्नातला, गर्दीतला. त्यातून माणूस कापून काढायचा. बहुतेक जण बनियनवर नाहीतर उसवलेल्या शर्टात. मग कॉम्प्युटरवर 'कोट' नावाचं फोल्डर उघडायचं. त्यात सात कोट. नुसते कोट, वर डोकं नाही. गिऱ्हाईक नंबर सांगतं, आपण मुंडकं बसवायचं. दिवा, फुलं, नावाआधी 'कै.' — सगळं फाईलमध्ये तयारच.

मी तीन केले. हात चालतो माझा.

१० मे, शनिवार

घरी येऊन दिवा लावायला गेले आणि थांबले.

ह्यांचा भिंतीवरचा फोटो. कोट नंबर तीन.

सात वर्षं रोज बघते आहे. ह्यांच्याकडे कोट नव्हता हे मला माहीत होतंच की! दिरांनी फोटो करून आणला होता, तेव्हा विचारायच्या अवस्थेत नव्हते. पण खांद्यांकडे कधी बघितलं नाही. हे खांदे ह्यांचे नाहीत. ह्यांचे अरुंद होते, थोडे पुढे आलेले. कारखान्यात वजनकाट्यावर बसून बसून.

माईंना सांगितलं. सासूबाई पलंगावर लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं हाय. तोंड त्याचंच हाय न्हवं?"

फोटो काढून ठेवू का, विचारलं.

"हात लावून बघ."

१४ मे, बुधवार

एक बाई काउंटरवर. माझी टिकली बघून विचारलं, मालक काय करतात. म्हटलं, नाहीत, सात वर्षं झाली. तिची नजर परत कपाळावर. लोक बघतात, बघू देत. पहिल्याच दिवशी माईंनी सगळ्या बायकांच्या देखत सांगितलं होतं — "कुणी पुसायला हात लावायचा न्हाय. कपाळ तिचं हाय." त्या दिवशी त्यांचा लेक गेला होता.

२१ मे, बुधवार

नृसिंह सर दुकानात येऊन गेले. केलेल्या सगळ्या फाईली दाखवल्या. शांतपणे बघितल्या. मग म्हणाले, "मॅडम, हा एकच माणूस आहे. तोंडं बदललीत. ह्यात तुमचं काम कुठाय?"

मी फाईली बंद केल्या.

तीन आठवड्यांनी परत येतो म्हणाले. काहीतरी दाखवा, नाहीतर मी सही करू शकत नाही.

२४ मे, शनिवार

एका मास्तरांच्या घरचे आले होते. फोटो छान होता, अंगात निळा बुशशर्ट, खिशाला पेन. म्हटलं, कोट नको, ह्याच शर्टात मी हाताने चित्र काढून देते. थोरला मुलगा म्हणाला, "बाई, मयत आमच्या घरात झालंय, तुमच्या न्हाय. पाच नंबर घाला."

घातला.

उन्मेष नंतर म्हणाला, "काकू, गिऱ्हाईक पळवू नका की. तुमची इंटर्नशिप व्हायची आणि माझं दुकान मोडायचं!" रागाने नाही म्हणाला. पण म्हणाला.

२९ मे, गुरुवार

आणखी दोघांना विचारून बघितलं. कोटच हवा.

मला राग येतो त्यांचा. मेलेल्या माणसाला त्याचे स्वतःचे कपडेसुद्धा ठेवत नाहीत.

२ जून, सोमवार

आज धोंडुबाई खोत आल्या. शाहूवाडीच्या पलीकडून कुठूनतरी, दोन एसट्या बदलून. सत्तरीच्या असतील. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, ठसठशीत! म्हटलं, चला, आपल्यासारखी एक भेटली. आवडल्याच मला.

पुतण्याचा मोबाईल घेऊन आलेल्या. फोटोत म्हातारा भाताच्या बांधावर उभा. अंगात बंडी, उन्हाने डोळे बारीक केलेले. उजवा खांदा उतरता.

"माझ्या मालकाचा फोटू करायचा हाय. कोट घाला."

मी परत सुरू केलं — आहेत तसेच किती छान दिसतात.

"तसं रोज बघितलंय की वं! जल्म गेला बंडीत. मला कोटात बघायचंय." मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाल्या, "लगनात भावाचा कोट घातलाता. हात हितं, बाही थितं. समदं गाव हसलं. तवाच म्हनला, आपल्या मापाचा शिवीन. शिवीन शिवीन म्हनत ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मी फोटो मोठा करून परत बघितला.

आजवर वाटायचं, कोट म्हणजे खोटं. ह्या बाईला खरा कोट हवा होता. मापाचा! सात नंबरांतला एकही त्या उतरत्या खांद्याला बसला नसता. म्हटलं, मी हाताने काढते, त्यांच्या अंगाचा. उजवा खांदा सरळ करू?

"का म्हनून? भारं उचलून झालाय त्यो. त्येचाच हाय. ऱ्हाऊ दे."

तारीख विचारली.

"कसली तारीक? काय नगं. नाव तेवढं घाला, केरबा भिवा खोत. आन बेंदराच्या सनाच्या आत द्या."

पुढे विचारलं नाही. मला कळलं. पहिलं वर्षभर मीही घरातलं कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं.

४ जून, बुधवार

कोट काढणं सोपं नाही! दुकानाजवळच्या शिंप्याकडे अर्धा दिवस बसून राहिले. त्याला सांगितलं, एक खांदा उतरता आहे, तर कोट कसा बसेल? तो म्हणाला, आत थोडा कापूस भरतात, म्हणजे दिसत नाही. म्हटलं, दिसायला पाहिजे. "मग मोकळा सोडायचा. घडी पडती हितं, काखंपाशी." खडूने लाकडावर रेघ काढून दाखवली.

ती घडी सहा वेळा काढली. सातव्यांदा बसली.

७ जून, शनिवार

झालं. राखाडी कोट, तीन बटणं, आतून बंडीची कड दिसते आहे. डोळे तसेच बारीक ठेवले. दिवा नाही, हार नाही. खाली नाव फाईलमधल्या छापील अक्षरांत नाही, माझ्या हाताने, ब्रशने. कै. केरबा भिवा खोत. 'कै.' सुद्धा सुरेख आलं आहे.

उन्मेषने स्कॅन करताना बराच वेळ बघितलं. म्हणाला, "काकू, हे मी फ्लेक्सवर काढणार न्हाय. कागदावर काढतो, चांगल्या." फ्रेमपण त्यानेच आणली.

९ जून, सोमवार

धोंडुबाई न्यायला आल्या. नावाकडे बघितलंसुद्धा नाही, वाचता येत नाही त्यांना. बोट काचेवरून खांद्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"बसला," एवढंच म्हणाल्या.

जुन्या साडीच्या घडीत गुंडाळून घेऊन गेल्या. रडल्या नाहीत. मी आत जाऊन रडले.

११ जून, बुधवार

नृसिंह सरांनी मूळ चित्र बघितलं. लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. म्हणाले, "हा माणूस मला ओळखीचा वाटतोय." आणि सही केली!

१८ जून, बुधवार

उन्मेषचं पत्र मिळालं, कॉलेजात दिलं. चित्र वर्षअखेरच्या प्रदर्शनात लावलं आहे, खाली चिठ्ठी — 'श्रद्धांजली चित्र, विद्यार्थी-इंटर्न'. माईंना रिक्षाने नेऊन दाखवलं. म्हणाल्या, "म्हातारा गुणाचा दिसतोय. कशानं गेला?" म्हटलं, विचारलंच नाही.

चौथ्या वर्षाला जाणार मी!

२१ जून, शनिवार

उन्मेषने दुकानातला फोन माझ्या हातात दिला. शाहूवाडीकडून, तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. पुरुषाचा आवाज — मोठा, मधे खोकला. मागून धोंडुबाईंचं हसणं.

"कोट काढनाऱ्या बाई तुमीच न्हवं? मी केरबा खोत. कोट झ्याक बसलाय. खांदा बी माजाच हाय. पर पुतन्यानं आज वाचून दावलं — नावाम्होरं त्ये कै. काय लिवलंयसा? हाय की मी अजून!"