ताई, सोडा खरंच वाईट का?

दि. ४ मार्च

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आतलं कात्रण मिळालं. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास एक हात सुयांना अडकलेला असतो, फोनमध्ये बघून बघून डोळे दुखतात, म्हणून ताई तू आपली पत्रं लिही, असा तुझा हुकूम. तर घे. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. इथे तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

कात्रणाच्या मथळ्यात विचारलंय, सोडा पिणं तब्येतीला खरंच वाईट असतं का? आणि समासात तुझी टीप, ‘या विषयातल्या जाणकार म्हणून ताईंचं मत घ्यावं.’ चावट आहेस. आपल्या घरी लिंबाची असो, संत्र्याची असो की ती काळी, फसफसणारी प्रत्येक बाटली म्हणजे सोडाच. पाहुणे उठले की त्यांच्या ग्लासांत उरलेला कोण संपवायचं, ते तू अजून विसरला नाहीस म्हणायचं.

लेख वाचला, दोनदा वाचला. एका परिच्छेदात म्हणतात वाईट, पुढच्यात म्हणतात प्रमाणात चालतो, आणि शेवटी काय, तर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. एवढं मीही सांगितलं असतं. आमच्या लाँड्रीत हॉटेलच्या तीनशे खोल्यांच्या चादरी येतात. इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी तासभर उभं राहिलं की घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो. कँटीनमध्ये सोड्याचं मशीन आहे, ग्लास लावा, बटण दाबा, कामगारांना फुकट. आमचे इस्त्रीवाले काका चाळीस वर्षं तेच पितायत. दात सगळे जागेवर, साखर नाही, ब्लडप्रेशर नाही. त्यांना कात्रण दाखवलं तर म्हणाले, “बाई, लिहिणारा एसीत बसून लिहितो. त्याला एकदा रोलरवर उभा करा, मग विचारा.”

बरं, कामाचं बोलते. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडम, म्हणजे किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांचं सगळं बघतात त्या, म्हणाल्या की बहीण-भावाचं इतकं छान जुळलेलं पुष्कळ दिवसांनी पाहिलं. मी म्हटलं, लहानपणी एका मिनिटाचंही जुळत नव्हतं. डॉक्टरांनी जरा वजन उतरवायला सांगितलंय आणि बारीकसारीक एकदोन गोष्टी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग ऑपरेशनची तारीख. सोडा मी त्याच दिवशी बंद केला. तू चहासकट दिवसाला एक लिटर पाण्यात भागवतोस, मला एवढं जमू नये?

वहिनीला म्हणावं, स्वतःच्या तपासणीचं मनातही आणू नकोस. पोरं लहान आहेत, आईबाप एकाच वेळी अंथरुणाला खिळले तर बघणार कोण, हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी एकटा जीव, मला दोन किडन्या हव्यात कशाला? एक तुझी. तुझ्या नावाची म्हणून मी तिला आत्तापासून जपते आहे.

तुझी,
ताई


दि. ११ जून

चि. ढब्बूस,

आशीर्वाद.

घरी आलास हे वहिनीकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. छातीत पाणी झालं म्हणजे नक्की काय झालं ते मला कुणी नीट सांगत नव्हतं. वहिनी नुसती रडत होती. आता श्वास लागतो का? झोपताना दोन उशा घेतोस ना? पाय सुजले तर दडवून ठेवू नकोस. दडवायची तुला खोड आहे.

इकडे काही विशेष नाही. रोलरचा पट्टा दोनदा तुटला, त्यामुळे आठवडाभर टॉवेलांच्यासुद्धा घड्या हाताने घातल्या. नवीन मॅनेजर आलाय, त्याला डाग आणि सावली यातला फरक कळत नाही. एका चादरीवर बोट ठेवून मला म्हणाला, “हे काय आहे?” मी म्हटलं, “साहेब, तुमचा हात आहे.” हसला नाही.

माझ्या तपासण्यांचं विचारलंस. चालू आहे. मध्ये एकदा बोलावलं होतं, रक्त घेतलं, ठीक आहे. हॉस्पिटलच्या कामाला वेळ लागतो, तुला सांगायला नको. वजन दोन किलो उतरलं. सोडा सुटला का, असंही विचारलंस. आता त्या विषयावर पत्रात जागा वाया घालवायची नाही असं मी ठरवलंय.

वहिनीचा फोन आला होता, तुझ्या नकळत. म्हणाली, “ताई, माझा रक्तगट त्यांना चालतो, मग मी निदान तपासणी करून ठेवते ना, झाली तर मदतच होईल.” मी तिला झापलं. म्हटलं, माझं अर्ध्यावर आलेलं असताना मध्येच दुसरं काय काढतेस, गोंधळ होईल नुसता. तिने बरं म्हणून फोन ठेवला. नंतर मला वाईट वाटलं, तिला सांग. की नकोच सांगू, तिने फोन केला होता हे तुला माहीत नाही ना.

तुझी खूप आठवण येते. बाकी सर्व ठीक.

ताई


दि. २ सप्टेंबर

ढब्बू,

आशीर्वाद.

हे पत्र खुर्चीत वाचू नकोस. घरी जा, वहिनीला शेजारी बसव, आणि मग वाच.

मी तुला किडनी देऊ शकत नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. रोज बसले, रोज हवापाण्यापासून सुरुवात केली आणि रोज फाडून टाकलं. आज आधी तेच लिहिलं, म्हणजे आता फाडायचं धैर्य होणार नाही.

गुरुवारी शेवटची तपासणी झाली. मला मधुमेह आहे. काठावर नाही, चांगला पुरता आहे. अशा माणसाची किडनी ते घेत नाहीत, कारण पुढेमागे त्याच्या स्वतःच्याच किडन्यांना धोका असतो.

मार्चमध्ये मी तुला ‘बारीकसारीक गोष्टी’ असं लिहिलं होतं, त्या याच. साखर तेव्हा काठावर होती. डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं, सहा महिने आहेत, वजन उतरवा, चाला, आणि गोड पेयं पूर्ण बंद. खाली आली तर पुढे जाऊ. मी मान डोलावली. एकोणीस दिवस पाळलं. विसाव्या दिवशी रोलर बंद पडला, ओल्या चादरी माझ्या कमरेएवढ्या साचल्या, सगळे माझ्या नावाने ओरडत होते. दुपारी मी कँटीनमध्ये गेले आणि एक ग्लास घेतला. एकच. दुसऱ्या दिवशी दोन. मग बाजारातून स्टीलची बाटली आणली. सकाळी ती मशीनखाली भरायची आणि कामाच्या जागी ठेवायची, बघणाऱ्याला वाटावं पाणी आहे. दुपारी पुन्हा भरायची. इस्त्रीवाल्या काकांनी एकदा बाटली उचलली, हुंगली आणि परत ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोलले नाही, जसं काही चूक त्यांची होती.

तुझ्या काळजीने प्यायले, असं लिहायचा मोह होतो आहे. तू आणि वहिनी दोघंही लगेच विश्वास ठेवाल. पण तसं नव्हतं. तुला श्वास घेता येत नव्हता त्या दिवशीही मला तहान लागली म्हणून मी प्यायले, आणि मला ते आवडलं. तू तिकडे ओठांवरून बर्फाचा खडा फिरवून दिवस काढत होतास आणि मी इकडे घटाघटा पीत होते. ढब्बू, मला स्वतःची किळस येते. आणि किळस आली तरी शुक्रवारी मी पुन्हा त्या मशीनपुढे जाऊन उभी राहिले होते. हात वर गेला होता. मग आमच्या धुलाईवालीने हाक मारली आणि मी वळले. तिने हाक मारली नसती तर काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

जूनमध्ये डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, आकडा वाढलाय, गोड पेयं चालू आहेत का? मी नाही म्हटलं. त्यांच्या तोंडावर, शांतपणे. त्यांनी बिचाऱ्यांनी खाण्यापिण्याचा तक्ता बदलून दिला. त्यानंतर आठच दिवसांनी वहिनीचा फोन आला आणि मी तिला झापलं.

गुरुवारी मी त्यांना बाटलीचं सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, “खरं सांगा, हे सोड्यामुळेच झालं का? आमच्या आईला साखर होती, मामाला होती. आमच्याकडे एक काका चाळीस वर्षं पितात, त्यांना काही नाही.” मला हवं होतं, त्यांनी म्हणावं की रक्तातच आहे. तेवढं एक वाक्य मिळालं असतं तर मी ते घेऊन घरी आले असते आणि उरलेलं आयुष्य सांभाळलं असतं. ते म्हणाले, “एकट्या सोड्यामुळे झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आईकडून आलेलं आहे, वजन आहे, वय आहे. तुमच्या काकांचं नशीब चांगलं असेल. पण बाई, दिवसाला दोन-दोन लिटर तुमच्यासारखीने प्यायचे नव्हते. आईकडून आलेलं तुमच्या हातात नव्हतं. हे होतं.” तुझ्या कात्रणवाल्याला दोन रकाने भरूनही जे जमलं नाही ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं.

बाहेर कोऑर्डिनेटर मॅडमनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, “तुमच्या भावाला आम्ही फक्त एवढंच कळवतो, की वैद्यकीय कारणामुळे ताईंची किडनी घेता येणार नाही. कारण सांगत नाही. ते गुप्त ठेवायचा तुम्हाला हक्क आहे.” मी म्हटलं, खरंच? त्या म्हणाल्या, “खरंच. कितीतरी जण तसंच करतात, आणि नात्यांसाठी ते बरंही असतं.” दोन दिवस मी त्याच आधारावर होते. तुला हॉस्पिटलकडून कळेल, तू मला फोन करशील, मी रडेन, तू म्हणशील, ताई तुझी काय चूक, आणि मी मूग गिळून बसेन.

पण मी तुला ओळखते. कारण कळलं नाही तर तू म्हणशील, ताईला बरं वाटू दे, पुन्हा तपासू, वहिनीला मध्ये आणायला नको. तू थांबशील. आणि थांबण्याइतका वेळ आता नाही. तुझ्या डॉक्टरांनी वहिनीला सांगितलंय की तुझ्या हृदयावर ताण येतोय, जे करायचं ते काही महिन्यांच्या आत करा. तिने हे मला सांगितलं, तुला नाही, कारण तिला वाटत होतं की ताईची तारीख येतेच आहे. तुझे सहा महिने मी खाल्ले. सहा महिने तुझी बायको तपासणी करून बसली असती, तिला मी बसू दिलं नाही, कारण तुझ्यासाठी मोठेपणा करणारी मीच असायला हवी होते. सोड्यापेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते.

तर आता माझी वाट बघायची नाही. माझ्याकडून काही येणार नाही, हे पक्कं मनात बसव. वहिनीला मी उद्या सकाळी फोन करून हे सगळं सांगणार आहे, त्यामुळे हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तिला कळलेलं असेल. तिने तुला सांगितलं नसेल तर ते मीच बजावलं म्हणून. तिची काहीही चूक नाही. तिच्याशी नीट बोल.

पोरांकडे कोण बघणार, हे तुझं कारण होतं. मी बघेन. तीन महिन्यांची रजा टाकली आहे, मॅनेजरने कटकट केली, पण दिली. मी येईन, शाळेत सोडेन, आणेन, डबे करेन, तुम्हा दोघांना अंथरुणात जेवायला वाढेन. धुणं तर मला येतंच. तुझ्या दारात मला उभं करायचं नसेल तर जवळ खोली घेऊन राहीन आणि तू झोपलास की येऊन कामं करून जाईन. पण नाही म्हणू नकोस. माझ्या हातून तुझं एवढं तरी होऊ दे रे.

सोबत एक कागद आहे, काल पुन्हा जाऊन मॅडमकडून आणलेला. दात्याच्या तपासणीला पेशंटची संमती, असं त्यावर लिहिलंय. वर माझं नाव होतं, ते मॅडमनी माझ्यासमोर खोडलं आणि त्याखाली वहिनीचं लिहिलं. तिची सही ती करेल. तुझी राहिली आहे. तू माझ्यावर चिडलास, मला पुन्हा ताई म्हणाला नाहीस, तरी मी बोलणार नाही. पण चिडून कागद बाजूला ठेवू नकोस. आधी सही कर, तो पाठव, आणि मग मला हवं ते बोल.

जिचं नाव खोडलं, ती
तुझी ताई