सहा पूर्णांक आठ

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू जिवंत आहेस हे मला दर सोमवारी कळतं, पण ते तुझ्या पत्रातून नाही. सोमवारी नद्यांचे तक्ते छापून माझ्या सहीला येतात. त्यात तुझ्या पायऱ्यांजवळच्या पाण्यातला प्राणवायू आला, की मी म्हणते चला, दादाने नमुन्याची बाटली भरली, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. गेल्या सोमवारीही ६.८ होता. नदी तुझ्यासारखीच हट्टी दिसते, एकदा एक म्हणाली की बदलायचं नाव नाही.

इकडे काटकसरीने कहर केला आहे. मजल्यावर नऊ जण होतो, आता तिघं उरलो आहोत. हवेचं बघणारा, जमिनीचं बघणारी आणि पाण्याची मी. रिकाम्या टेबलांवरचे दिवेही काढून नेले. साहेब म्हणतात, कामावर काही परिणाम झालेला नाही. तक्ते वेळेवर निघतात हे तर खरंच आहे, म्हणून मीही मान डोलावते.

खारीला शाळेची सुट्टी लागते आहे. आजोबांकडून पोहायला शिकायचं असं तिने परस्पर ठरवून टाकलं आहे. नदीच्या पाटीवर काय लिहितात हे तिला तोंडपाठ आहे, माझीच लेक ना. पंचवीसला तिला गाडीत बसवून द्यायचा विचार आहे. तुमच्या खोऱ्यात मोबाइल चालत नाही आणि तुझ्या केंद्रावरचा फोन तर कुणी उचलतच नाही, तेव्हा आळस झटकून चार ओळी लिही.

बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण. चेष्टा केली म्हणून लोभ कमी करू नकोस.

तुझी,
पिंगी

---

१३ मार्च

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

फोन उचलणार कोण? तो ऑगस्टातच तोडला. जीप गेली, बर्फाची पेटी गेली आणि मला कोठारात बसवलं. तिथे जुनी लोखंडी कपाटं आहेत, ती पळून जाऊ नयेत म्हणून मी असतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून मी एकही बाटली भरलेली नाही.

हे तुला ठाऊक असणार असं मी धरून चाललो होतो. कारण दर सोमवारी पेंटर तुझ्या कचेरीचा कागद घेऊन येतो आणि पायऱ्यांवरच्या पाटीवर नवी तारीख, आकडा आणि ‘पोहण्यास योग्य’ असं लिहून जातो. म्हणजे माझ्या जागी कुणीतरी नेमला, आणि सख्ख्या बहिणीने मला ते कळवलंही नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं. म्हणूनच लिहिलं नाही.

तो नवा माणूस बघायला मी तीन सोमवार पायऱ्यांवर बसलो. कुणी फिरकलं नाही. तुझी वहिनी म्हणाली, पुलाखाली यंत्र बसवलं असेल. मी वाकून वाकून बघितलं, मान तेवढी धरली. आता तू म्हणतेस की बाटली मीच भरतो. पिंगे, माझं डोकं चालेनासं झालं आहे. मग भरतं कोण?

बाबा रोज सकाळी पोहतात. पाटी वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाहीत, खात्यात असताना आपल्याच हाताने घातलेली पद्धत आहे म्हणतात. हल्ली त्यांच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठतात. मलम लावतो. वरच्या अंगाला कातडी कमावायचा कारखाना आता दोन पाळ्यांत चालतो असं ऐकतो, पण आकडा चांगला आहे, तेव्हा ते वयाचंच असेल.

खारीला पाठव. बाबांनी तिच्यासाठी हवेचं टायर आणून ठेवलं आहे. राग धरला होता तो या पत्राबरोबर संपला, माया होती तेवढीच आहे.

तुझा,
दादा

---

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र खारीच्या दप्तरात पहिल्या कप्प्यात ठेवते आहे. उघडून आधी हे वाच, मग तिला चहापाणी दे. तिला पाण्यात उतरू देऊ नकोस. बाबांनाही थांबव.

तुझं पत्र आलं तशी मी खाली प्रयोगशाळेत गेले. दाराला कुलूप होतं. संगणकवाल्याला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला की नमुना आला नाही तर रकाना रिकामा राहत नाही, मागचा आकडा आपोआप पुढे येतो. नियमच तसा आहे. मी नियमाचा कागद शोधून काढला. ‘एखादा आठवडा पुरामुळे वा आजारपणामुळे नमुना न आल्यास मागील आकडा धरावा.’ दादा, खाली बाबांची सही आहे.

एखादा आठवडा. हे एकतीस झाले, आणि एकतीसही तक्त्यांवर माझी सही आहे. तुझी खुशाली समजून मी सही करत होते. सारखा ६.८ येतो हे मला दिसत होतं आणि त्यावर मी तुझी थट्टा केली. मला माझीच लाज वाटते.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की अहवाल काढणं कायद्याने बंधनकारक आहे म्हणून त्याला पैसे आहेत, तपासणीला नाहीत. वर हेही म्हणाले की एकतीस आठवड्यांत आकडा हललेला नाही, यावरूनच पुढच्या वर्षीही तपासणी नको असं ठरतं आहे. खोटं कुणी बोललं नाही, चोरी कुणी केली नाही, आणि रागवायचं कुणावर तेच कळत नाही. या सोमवारच्या तक्त्यावर मात्र मी सही केली नाही. पुढे काय होईल ते होवो.

खारीला घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून पाठवते आहे. बाबांना कसं सांगायचं ते तूच ठरव, माझी छाती होत नाही. मी चुकले, तरी मला दूर करू नका.

तुझी,
पिंगी

---

१ एप्रिल

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

खार सुखरूप पोचली. फुगून बसली आहे, तुझ्यावर गेली आहे. तिला पाण्याला शिवू दिलेलं नाही.

बाबांना मी तुझं पत्रच वाचायला दिलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. आधी माझ्याशी भांडले, तो नियम पुराच्या आठवड्यासाठी होता म्हणाले. मग किती आठवडे झाले ते पुन्हा विचारलं आणि जेवले नाहीत.

सोमवारी पेंटर आला. कागदावर ६.८ होता, सही दुसऱ्याच कुणाची होती. बाबांनी त्याच्या हातातून ब्रश मागून घेतला. पेंटरला नोकरीला त्यांनीच लावलेलं, त्याने मुकाट्याने दिला. बाबांनी तारीख घातली आणि आकड्याच्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलं. योग्य-अयोग्यच्या पुढेही तेच. अक्षर वाकडं आलं आहे.

लोक पाटीपुढे थांबून डोकं खाजवत होते. एकाने विचारलं, याचा अर्थ चांगलं की वाईट? बाबा म्हणाले, वाचलंत तेवढंच. काही जण परत फिरले, दोघांनी सरळ उड्या मारल्या. चट्टे पाण्याचे की वयाचे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते म्हणाले, पाण्याचा अहवाल आणा. तोच तर नाही म्हटलं.

मग बाबा कोरड्या कपड्यांनी खारीशेजारी पायरीवर बसले. आता कळणार कसं, असं तिने विचारलं. त्यावर ते उठले, कोठारातून एक जुनी बाटली मागून घेतली आणि तिला बाहेरूनच दोरीने ती कशी सोडायची ते शिकवलं. पोहण्याऐवजी ती हेच शिकून येणार. बाटलीवर चिठ्ठी तिच्या अक्षरात आहे, आकड्याची जागा बाबांनी रिकामी ठेवायला लावली.

ती बाटली आता आमच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी उभी आहे आणि तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. बर्फात ठेवलेला नमुना चोवीस तास टिकतो हे तुला माहीत आहेच. हे पत्र तुला मिळेपर्यंत तो फुकट गेलेला असेल. तरी बाबा म्हणतात, दर सोमवारी एक भरायची. कुठे पाठवायची ते तेवढं कळव.

सही केली नाहीस ते बरं केलंस. घर तुझं आहे, केव्हाही ये.

तुझा,
दादा