दोन बदाम म्हणजे इस्पिक

सोनई,
ता. ८ जानेवारी १९७१

चि. रंगनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. हुरडा आलाय, तुझी वाट बघून कणसं वाळतील आता. गोरक्ष पुण्याला कॉलेजात गेल्यापासून घर खायला उठतं.

आता खरं दुखणं सांगते. चौथा भिडू मिळेना म्हणून तुझ्या भावजींनीच मला ब्रिज शिकवलं, आणि आता मीच त्यांना डोईजड झालेय. रोज संध्याकाळी पोस्टमास्तर लालमहंमदभाई आणि त्यांच्या बद्रुन्निसाभाभी एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. हे मोठ्या ऐटीत एक बिनहुकूम बोलतात. माझ्याकडे इस्पिकं पाच-सहा असली की मी दोन इस्पिक म्हणते. झालं! हुकमाचं नाव मी घेतलं म्हणून खेळ माझ्याकडे येतो, आणि यांना डमी होऊन, पत्ते उघडे मांडून गप्प बसावं लागतं. गप्प बसणं यांच्या कुंडलीत नाही. परवा माझ्या खुर्चीमागं उभे राहून राणी टाक, राणी टाक म्हणून कोकलले. वर राजे-एक्के माझे आणि मिरवणार ही, असंही भाभींदेखत ऐकवलं.

सात फेब्रुवारीला तुमच्या नगरच्या क्लबात जोड्यांचे सामने आहेत. तिथं डमी बोलला तर दंड होतो म्हणे. म्हणून यांनी फर्मान काढलंय, की बिनहुकूम बोलून पुन्हा डमी बसायची पाळी आली तर यापुढं त्यांचे भिडू ड्रॉइंगचे भिमाजी मास्तर. रंगा, मला कप नको. पण दिवसभरात हे माझ्या तोंडाकडे बघतात ते पत्त्यांच्या वेळीच. ती जागा मी मास्तरांना नाही द्यायची. तू वकील ना? काढ काहीतरी पळवाट.

मुलांना गोड पापा. माया करतोसच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई,
मनकर्णा

नगर,
ता. १३ जानेवारी १९७१

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र कोर्टात वाचलं आणि असा हसलो की अशील घाबरला. सोबतच्या पुडीत तिळगूळ आहे. भावजींना दोन वड्या जास्त दे, गोड बोलायची गरज त्यांना आहे.

पळवाट आहे आणि अगदी कायदेशीर आहे. क्लबातली नवी मंडळी तिला ट्रान्स्फर म्हणतात. जोडीत हुकमाचं नाव जो पहिल्यांदा घेतो तो खेळतो, एवढं तर तुला ठाऊक आहे. तेव्हा भावजी एक बिनहुकूम बोलले की तू आपलं खरं नाव घ्यायचंच नाही. एक पायरी खालचं घ्यायचं; पायऱ्या चढत्या क्रमानं किलवर, चौकट, बदाम, इस्पिक. हातात इस्पिकं असतील तर दोन बदाम म्हण, बदाम असतील तर दोन चौकट. भावजींनी निमूट वरच्या पायरीचं नाव घ्यायचं. नाव त्यांनी घेतलं, म्हणजे खेळणारही ते. त्यांचे भारी पत्ते झाकलेले राहतात, तुझी इस्पिकंही वाया जात नाहीत. फक्त समोरच्यांना हे आधी सांगून ठेवायचं.

यात धोका एकच. भावजी विसरले आणि बदामावरच पास म्हणाले, तर देवच वाली. आणि ही युक्ती मेव्हण्याची आहे हे सांगू नकोस, नाहीतर ते ऐकायचेही नाहीत.

भावजींना नमस्कार. रागवा, पण विसरू नका.

तुझा,
रंगनाथ

सोनई,
ता. २१ जानेवारी १९७१

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

युक्ती तुझी हे यांनी पहिल्या फटक्यात ओळखलं. मग तासभर वाद. हातात नाही ते का बोलायचं? ज्वारी पेरली तर माणूस ज्वारी म्हणतो, बाजरी म्हणत नाही, असं यांचं म्हणणं.

शेवटी मी विचारलं, की लग्न झाल्यापासून मी कधी तुमचं नाव घेतलंय का? गोरक्षचे बाबा, जरा इकडं या, असंच म्हणते ना? मग तेव्हा गोरक्ष उठून येतो की तुम्ही? भाभींना हसू आवरेना, त्यांच्या बशीतला चहा सांडला. त्याही पोस्टमास्तरांना जन्मभर मेहताबचे अब्बाच म्हणत आल्यात. पोस्टमास्तर म्हणाले, की आता हा नियम विसरणं शक्यच नाही.

तेव्हापासून हे खुशीत आहेत. आता खेळ सारखा यांच्याकडेच! पण उलटंही आहे ना रे? मी बिनहुकूम बोलले तर यांनीही खालचं नाव घेऊन खेळ मला द्यायला हवा. ते मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि थेट इस्पिक ठोकून स्वतःच खेळतात. असो. भिमाजी मास्तरांची बला टळली, हेच खूप.

सामन्याला तू हवा होतास. तुझ्या मेव्हणीचा साखरपुडा नेमका त्याच दिवशी निघावा! असाच पाठीशी उभा राहा.

तुझी ताई

सोनई,
ता. १० फेब्रुवारी १९७१

रा. रा. रंगनाथराव यांस सहादेवचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पळवाट शिकवून ऐन वेळी आपण साखरपुड्याला मिरजगावला पळालात, म्हणून हकीकत कळवणं भाग आहे.

शेवटच्या डावापर्यंत आम्ही पहिले होतो. तुमची ताई दोन बदाम म्हणे, मी दोन इस्पिक म्हणे, आणि हात करी. कँटोन्मेंटमधले एक मेजर उठून माझा हात दाबून गेले.

शेवटच्या डावाला बिनहुकूम ती बोलली. माझ्याकडे इस्पिकं सहा, बाकी निव्वळ पाचोळा. नेहमीसारखं इस्पिक बोलून खेळ ओढून घ्यायचा, एवढंच काम. पण समोर पाहिलं. दिवसभर पत्ते मांडून बसली होती बिचारी, चकार शब्द नाही. माझी मलाच शरम वाटली. हा डाव हिचा, असं ठरवून मी दोन बदाम म्हणालो. आता तिनं दोन इस्पिक म्हणायचं.

ती म्हणाली, पास!

बदामाचं नाव मी घेतलेलं, म्हणजे खेळणं माझ्याच गळ्यात. माझ्याकडे बदामाची दुर्री आणि तिर्री. तिनं हसत चार बदाम मांडले, उरलेले सात समोरच्यांकडे. त्यांनी आम्हाला धोब्याच्या दगडावर आपटलं. कप गेला.

एस.टी.त घोडेगाव येईपर्यंत मी मनात तोच डाव पुन्हा पुन्हा मांडला. मग विचारलं, की स्वतःच शिकवलेलं विसरलीस कशी? ती म्हणाली, की विसरले नव्हते, मनात इस्पिक आलंही होतं. पण तुम्ही आपण होऊन मला खेळ द्याल आणि गप्प बसाल, हे काही केल्या खरं वाटेना. म्हणून बदाम म्हणजे खरेच बदाम धरले.

रंगनाथराव, कप गेला त्याचं काही नाही. हे मात्र फार लागलं.

भिमाजी मास्तरांना निरोप धाडलाय, की त्यांनी आपली चित्रं काढावीत. पुढच्या वर्षी सामन्याला आम्ही दोघंच. तोवर रोज एक डाव मी मुद्दाम डमी बसतो. मला सवय व्हावी म्हणून नाही, तिला व्हावी म्हणून.

हुरडा संपत आलाय, या. राग मानला तरी लोभ सोडू नये.

आपला,
सहादेव

ता. क. (ताईकडून) : खरंच गप्प बसतात रे. काल फक्त एकदा खोकले. मी राणी टाकली.