पुसला गेलेला आवाज

आबा, आज दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी तोरणमाळच्या आश्रमशाळेत शिकवते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि लिनक्स काय असतं हेही नाही, तर ऐका. शाळेच्या कपाटात आठ छोटे लॅपटॉप धूळ खात पडले होते, वहीपेक्षा जरा मोठे, कधीकाळी कुणी भेट दिलेले. जीव एवढासा आणि आत भरलेली सिस्टिम दांडगी. सुरू करून ठेवावं, तर मुलं प्रार्थना आटोपून परत यायची तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. मुख्याध्यापक म्हणाले, भंगारात काढा. मला रागच आला. इथे वीज येऊन-जाऊन असते, सौर बॅटरीवर मोठा कॉम्प्युटर टिकत नाही, आणि हे बिचारे इतके कमी खातात, त्यांनाच भंगार म्हणायचं? शहाद्याला गेले तेव्हा पेनड्राइव्हवर लिनक्स नावाची एक हलकी, फुकटची सिस्टिम उतरवून आणली आणि जुनी सिस्टिम काढून एकेकात ती बसवायला घेतली. पहिला लॅपटॉप मिनिटाच्या आत उघडला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. तुमचीच पोर, बंद पडलेलं काही दिसलं की हात शिवशिवणारच.

चार दिवसांत सात झाले. आज मुलांची जेवणं आटोपल्यावर शाळेच्या स्वयंपाकीणबाई दारात आल्या. त्यांचे यजमान आमचे पहारेकरी होते, गेल्या वर्षी वारले. घरी त्या पावरी बोलतात, माझ्याशी मोजकं मराठी. म्हणाल्या, "मॅडम, त्याचा आवाज लहान कॉम्पुटरात भरला होता ना तुम्ही? झाडांची नावं सांगत होता तो. पोरगी आली आहे. सकाळच्या जीपने कामाला जाईल, सुरतेकडे. तिला ऐकायचं आहे." मी "हो हो, शोधते" म्हणाले आणि त्या सात लॅपटॉपकडे बघितलं; नवी सिस्टिम बसवताना त्यांतलं जुनं सगळं पुसलं गेलं होतं. एका हिवाळ्यात मीच त्यांना ओट्यावर बसवून बोलतं केलं होतं. कुठल्या झाडाची साल तापावर, कुठलं पान गुरांना चालत नाही, सगळं पावरीत, आणि मध्येच लाजून हसायचे. कोणत्या लॅपटॉपवर ते मात्र आठवेना.

मी आंधळेपणाने पुसत सुटले नव्हते, आबा. प्रत्येकातलं मुलांचं काम आधी पेनड्राइव्हवर घेतलं, इयत्तेप्रमाणे यादी करून, आणि मगच कॉम्प्युटरला सगळी डिस्क पुसायला होकार दिला. त्या यादीबाहेर पहारेकऱ्याचंही काही असू शकतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुसलं गेलं त्यापेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते आहे.

ब्राह्मणपुरीचं आपलं दुकान डोळ्यांसमोर येतं. मी तेरा वर्षांची. पाण्याची मोटर जळून आली की तुमचा नेम ठरलेला: जुन्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, वहीत लिहायचं, मगच छिन्नीने तांबं काढायचं. तुम्ही चहाला गेलात आणि मी मदतीच्या हौसेने एक मोटर साफ रिकामी करून ठेवते. तुम्ही परत येता, मोटरीकडे बघता, मग वहीकडे. "मोजं का आधी? नही मोजं! आते त्यामां किती तार भरशी, सांग माले." तुमचा आवाज चढत नाही, त्याचीच मला धास्ती. तेवढ्यात मोटरवाला येतो. त्याची केळी पाण्यावाचून उभी. आता माझं नाव निघणार म्हणून मी वार्निशच्या डब्यांमागे सरकते. तुम्ही म्हणता, "भाऊ, चूक मन्ही शे. दोन दिन जास्त लागतीन." तो तोंडाला येईल ते बोलतो आणि तुम्ही उभ्याने ऐकून घेता. तुम्हाला निदान तशाच दुसऱ्या मोटरीवरून माप काढता आलं. माणसाच्या आवाजाचं तसं नसतं.

आठवा लॅपटॉप टेबलावर घेतला. आतल्या डिस्कला हात न लावता लिनक्स नुसती पेनड्राइव्हवरून चालवता येते आणि आत काय आहे ते निवांत बघता येतं. सातही वेळा हे करता आलं असतं. एकेक फोल्डर उघडत गेले. पाढे, कविता, मेळाव्याचे फोटो. शेवटी आवाजाची एक बिननावाची फाइल दिसली. बाई पदराला हात पुसत पुढे आल्या आणि स्टुलाच्या कडेवर टेकल्या. दाबलं. पुरुषाचा आवाज आला. मी कान देऊन ऐकलं, तर ते आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांचं भाषण. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, बंद करा म्हणणं बरं दिसत नाही म्हणून असेल. मग म्हणाल्या, "दुसऱ्यात असेल. मी पोरीला घेऊन येते, तोवर तुम्ही काढा." आणि मी मान हलवली. आबा, मी मान हलवली! पुसलेलं परत आणणारे प्रोग्राम असतात, तेही चालवीन, पण सकाळच्या आत ते होणार नाही, आणि हाती काही लागेल याची खात्री तर मुळीच नाही.

आता दोघी समोरच्या व्हरांड्यात बसल्या आहेत. मुलगी केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून आली आहे. मघाशी तिने खिडकीतून डोकावून विचारलं, "सापडतंय का मॅडम?" मी पडद्यावरून नजर न उचलता म्हटलं, "बघतेय." त्यांना पडदा दिसत नाही, नुसती माझी बोटं चाललेली दिसतात. खरं सांगते आबा, हे पत्र मी त्या आठव्या लॅपटॉपवरच लिहिते आहे, आणि तुमची आठवण आली म्हणून नाही, मी अजून शोधतेच आहे असं त्यांना दिसत राहावं म्हणून.